वाचलेला तास जातो कुठे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांमधल्या ऑनलाइन प्रशिक्षणावर आपल्या पुरवणीत नुकताच एक लेख आला होता. वर्गाचा खर्च वाचतो, कामगाराला कामावरून उठवावं लागत नाही, कोण किती शिकलं ते एका क्लिकवर दिसतं, असा त्याचा एकूण सूर. मी एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात आहे. ऑनलाइन कोर्स तयार करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे या सोयीशी माझं वैर असण्याचं कारण नाही. माझा पगारच तिच्यावर निघतो. तरी पत्र लिहायला बसले, कारण वाचलेल्या वेळाचं पुढे काय होतं याबद्दल त्या लेखात अवाक्षर नाही. सगळी मेख तिथेच आहे.

आधी ऑनलाइनचं श्रेय ऑनलाइनला देते. पूर्वी नवा माणूस रुजू झाला की बॅच भरेपर्यंत त्याला थांबावं लागायचं. पाच-सहा जण जमले की वर्ग. तोवर तो कुणाच्या तरी मागे मागे फिरायचा आणि त्या कुणाच्या तरी चांगल्या-वाईट सगळ्या सवयी उचलायचा. वर्ग सुरू झाला की मी तीच स्लाइड, तोच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, सर्किटचा आराखडा, तेच विनोद. दुपारच्या बॅचला माझा आवाज बसलेला आणि रात्रपाळी करून आलेल्यांचे डोळे मिटत चाललेले. आता ही माहिती रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी मिळते, सगळ्यांना सारखी मिळते, आणि माझा घसा शाबूत राहतो.

‘जुन्या माणसांना हे जमणार नाही’ असं आमच्याकडेही ठामपणे सांगितलं गेलं होतं. झालं उलटंच. वर्गात कधीही हात वर न करणारे आमचे वयस्क फिटर हेडफोन लावून तोच व्हिडिओ मागे-पुढे करत बसलेले मी पाहिलेत. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह कसा उघडतो हे त्यातल्या एकाने पुन्हा पुन्हा पाहिलं. वर्गात, पोरांच्या देखत, ‘मॅडम, परत एकदा सांगा’ म्हणणं त्याला जड गेलं असतं. तरुण पोरं मात्र व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात. त्यामुळे वयाची चिंता करायचीच असेल तर दुसऱ्या टोकाची करावी.

आणखी एक गोष्ट ऑनलाइनवर खरोखर चांगली होते, ती म्हणजे थोड्या थोड्या दिवसांनी प्रश्न विचारत राहणं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. प्रशिक्षणवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं, कारण आमच्या बहुतेक परीक्षा त्या पहिल्या पाच मिनिटांतच उरकलेल्या असतात. कोर्स संपला, लगेच दहा प्रश्न, लगेच सर्टिफिकेट. आठवड्याने मोबाइलवर दोन प्रश्न, महिन्याने आणखी दोन, हे वर्गात शक्यच नव्हतं. ऑनलाइनवर ते जवळपास फुकट होतं. पण फारच थोड्या कंपन्या ते करतात, कारण त्याचं सर्टिफिकेट निघत नाही.

आता सोय कुठे अपुरी पडते ते सांगते. दुरुस्तीच्या आधी यंत्र पूर्ण निर्धोक करण्याची एक पद्धत असते, लॉकआउट-टॅगआउट. आमच्याकडे तिला सगळे ‘लोटो’ म्हणतात. मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, नावाची पाटी अडकवायची. आत साठून राहिलेली ऊर्जा काढून टाकायची. शेवटी स्टार्टचं बटण दाबून यंत्र खरंच मेलेलं आहे याची खात्री करायची. यावर मी केलेला कोर्स चांगला आहे, हे मी विनय बाजूला ठेवून सांगते. चित्रं स्वच्छ आहेत, क्रम लावायचा एक खेळ आहे, शेवटी परीक्षा आहे.

त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेला एक शिकाऊ मुलगा हायड्रॉलिक प्रेसपाशी उभा होता. त्याने स्विच बंद केला, कुलूप लावलं, पाटी अडकवली, किल्ली खिशात टाकली. सगळं झोकात. मग सील बघायला हात आत घालणार, तेवढ्यात शेजारच्या जुन्या फिटरने त्याचा दंड धरला.

“थांब. प्रेस मेलाय कशावरून?”

“कुलूप लावलंय ना, काका.”

“कुलूप विजेला लावलंस. तेलाचं काय?”

पंप बंद झाला तरी अक्युम्युलेटर नावाच्या टाकीत नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठलेलं असतं. ब्लीड व्हॉल्व्ह उघडून तो दाब सोडावा लागतो आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघावा लागतो. वरचा रॅम, म्हणजे दाबणारा जड भाग, स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, म्हणून त्याच्याखाली ठोकळा लावायचा असतो. मुलाला हे सगळं ठाऊक होतं. विचारल्यावर त्याने घडाघडा म्हणूनही दाखवलं. फक्त ते गेज त्याला दिसलंच नव्हतं. ते एका होजच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, तेलकट काचेचं. माझ्या कोर्समध्ये ते स्क्रीनच्या मधोमध होतं आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ लुकलुकत होतं. यंत्रावर काहीच लुकलुकत नाही. कुठे बघायचं हे शोधणं हा त्या कामाचा निम्मा भाग, आणि नेमका तोच मी स्क्रीनवर त्याच्यासाठी करून ठेवलेला. कोर्स म्हटला की हे व्हायचंच. नीट दाखवायचं तर बाकीचं झाकावं लागतं. त्यामुळे या घटनेनंतर कोर्स बदलायला हवा असं मला वाटलं नाही. त्या मुलाच्या शेजारी कुणीतरी उभं असायला हवं, एवढंच वाटलं. होतं म्हणून निभावलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम राबवला गेला, १९४० ते १९४५. कारखान्यांत अननुभवी माणसांचा लोंढा येत होता आणि त्यांना झटपट कामाला लावायचं होतं. या कार्यक्रमात मुकादमांना शिकवण्याच्या चार पायऱ्या दिल्या गेल्या. शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा, त्याला करून बघू द्या, आणि नंतर जाऊन पाठपुरावा करा. मुकादमांना दिलेल्या खिशातल्या कार्डावर एक वाक्य छापलेलं असे, त्याचा आशय असा की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी आमच्या ऑनलाइन कोर्सला या चार पायऱ्या लावून पाहते तेव्हा व्हिडिओ दुसऱ्या पायरीवर उत्तम बसतो, पहिलीवर बऱ्यापैकी. तिसरीवर परीक्षा बसवली जाते, ती बळेबळेच. चौथीवर कुणीच नाही. आणि कामाच्या ठिकाणी माणूस खरा घडतो तो तिसरी-चौथीवर.

गुरू समोर नसला की शिक्षण कच्चं, असं मात्र मी म्हणणार नाही. टपालाने शिकवण्याची परंपरा मोठी आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० च्या सुमारास शॉर्टहँड टपालाने शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी सराव लिहून पाठवत आणि तो तपासून परत येत असे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावी थॉमस फॉस्टर हे खाणकामाच्या नियतकालिकाचे संपादक होते. मुकादम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागणार आणि कोळसा खणणाऱ्या माणसाला शाळेत जायला सवड नाही, हे पाहून त्यांनी १८९१ मध्ये खाणकामगारांसाठी टपाली अभ्यासक्रम काढला. (एका संपादकाने हे करावं हे मला फार आवडतं, आपल्याला लिहिताना तर अधिकच.) हे शिक्षण दुरून होतं, पण दुसऱ्या टोकाला एक माणूस होता आणि तो चूक दाखवून पान परत पाठवायचा. आमच्या आजच्या कोर्सच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा एक सर्व्हर असतो. तो ‘उत्तर चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढं सांगतो. का चुकलं हे सांगायला तिथे कुणी नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येते. मी पूर्वी एका ठिकाणी होते, नाव सांगत नाही. तिथे सुरक्षेचा दिवसभराचा वर्ग बंद करून त्याचे छोटे छोटे ऑनलाइन भाग केले गेले. वर्गाचा दिवस ड्यूटीत धरला जायचा. पाळीच्या तक्त्यात नावापुढे ‘प्रशिक्षण’ असं लिहिलेलं असे, बदली माणूस नेमला जायचा. भाग ऑनलाइन झाले आणि तक्त्यातली ती नोंद गेली. कोर्स आता कधीही, कुठेही बघता येतो, मग त्याला वेळ कशाला राखून ठेवायचा, हा युक्तिवाद. माणसं घरी जाऊन बघू लागली, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर. काहीजण बसमध्ये. काहीजण रात्रपाळीत ब्रेकडाउनची वाट बघताना, आणि ब्रेकडाउन आला की मोबाइल तसाच चालू ठेवून धावायचे. व्हिडिओ आपोआप संपला की नोंद होई, ‘पूर्ण’. एकाच मोबाइलवर तिघांचे कोर्स लागोपाठ उरकल्याचंही मला ठाऊक आहे. त्यांना मी दोष देणार नाही. आठ तास उभं राहून घरी गेलेल्या माणसाकडून दोन तासांचा अभ्यास फुकटात मागितला तर तो असाच होणार.

वर व्यवस्थापनाला काय दिसत होतं? हिरवा डॅशबोर्ड, म्हणजे कुणाचा कोर्स किती झाला ते दाखवणारा स्क्रीनवरचा तक्ता. शंभर टक्के पूर्ण, मुदतीच्या आधी. खर्चात बचत. बचत कसली? कंपनीचा तास कामगाराच्या घरच्या वेळातून वसूल झाला होता, इतकंच. पुढच्या वर्षी त्याच डॅशबोर्डच्या आधारावर प्रशिक्षक कमी केले गेले. म्हणजे स्लाइड वाचण्यातून मोकळा झालेला माणूस यंत्रापाशी जाऊन उभा राहू शकला असता, त्यालाच काढला.

या डॅशबोर्डवर नेमकं काय दिसतं हे वाचकांना सांगितलं पाहिजे. कोर्स आणि ते चालवणारी प्रणाली यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून स्कॉर्म नावाचं एक तांत्रिक मानक आहे. त्याची २००१ सालची १.२ ही आवृत्ती अजून सर्रास वापरात आहे. तिच्यात धड्याच्या स्थितीसाठी सहाच पर्याय आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळून पाहिला, उघडलाच नाही. सोबत गुण आणि घालवलेला वेळ नोंदवता येतो. हिशेब ठेवायला हे पुरेसं आहे. पण त्या मुलाला गेज दिसलं का, याचं उत्तर यातल्या कुठल्याच नोंदीत मिळत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या. शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्याचा कामाच्या निकालावर काय परिणाम झाला. प्रशिक्षण विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असतं, मुलाखतीत विचारतातच. डॅशबोर्ड फार तर दुसऱ्या पातळीपर्यंत पोहोचतो. तिसरी पातळी मोजायची तर कुणीतरी उठून शॉपफ्लोरवर, यंत्रांपाशी, जावं लागतं, त्यामुळे ती मोजलीच जात नाही.

‘ब्लेंडेड’ म्हणजे थोडं ऑनलाइन, थोडं समोरासमोर, हा मार्ग विकताना विक्रेते हमखास अमेरिकी शिक्षण खात्याच्या २००९ च्या एका अहवालाचा हवाला देतात. अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करणारा तो अहवाल आहे, आणि मिश्र पद्धतीने शिकलेले निव्वळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा पुढे होते, असं त्यात खरंच आहे. पण त्याच अहवालात हेही बजावलेलं आहे की मिश्र पद्धतीत बऱ्याचदा शिकायला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालेलं होतं, तेव्हा फरकाचं श्रेय निव्वळ माध्यमाला देता येणार नाही. विक्रेत्याच्या सादरीकरणात हा उत्तरार्ध मला अजून भेटलेला नाही. वेळ वाढवला म्हणून फायदा झाला असण्याची शक्यता, आणि आपण तीच पद्धत आणतोय ती वेळ कापण्यासाठी!

सरसकट सगळ्यालाच माणूस लागतो असंही नाही. रजेचा अर्ज नव्या प्रणालीत कसा भरायचा यासाठी कुणाला वर्गात कोंबू नये; तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरे, खरं तर अर्ज सोपा केला तर तोही नको. माहिती सुरक्षेचे नियम, नवी धोरणं, हेही ऑनलाइनवर ठीक. पण जिथे हात, डोळे, कान लागतात, किंवा समोर चिडलेला ग्राहक असतो, तिथे स्क्रीन अर्ध्या वाटेपर्यंतच सोडते. वैमानिकांचं उदाहरण घ्या. एडविन लिंक यांचं उड्डाणाची नक्कल करणारं यंत्र १९२९ मधलं. तेव्हापासून सिम्युलेटर कुठल्या कुठे गेले. तरी सिम्युलेटरवर पास झालेला नवा वैमानिक खऱ्या उड्डाणांवर आधी प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारीच बसतो. तिथे सिम्युलेटर आणला म्हणून शेजारची खुर्ची कुणी काढून टाकली नाही.

आम्ही आता जे करतो ते काही फार मोठं नाही. माहितीचा भाग ऑनलाइन, पण पाळीच्या वेळेत, प्रशिक्षण खोलीतल्या संगणकावर, आणि तक्त्यात नावापुढे लिहून. कोर्स चालू असताना सुपरवायझरने हाक मारायची नाही, यावर बरीच झकाझकी झाली. उत्पादन अडतं हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून प्रत्येक भाग वीस मिनिटांच्या आत आणला. वर्गातून वाचलेला वेळ यंत्रापाशी, तिघा-तिघांच्या गटात. तिथे मी जवळजवळ बोलत नाही. जुना फिटर एक गेज पुठ्ठ्याने झाकून ठेवतो किंवा चुकीची पाटी अडकवून ठेवतो, आणि पोरांनी शोधायचं. या कामासाठी त्या फिटरलाही तासांचा हिशेब मिळतो. हे मंजूर करून घेणं सगळ्यात अवघड गेलं. काही आठवड्यांनी सुपरवायझर प्रत्यक्ष कामावर एकदा बघतो आणि त्याच्या सहीनंतरच प्रणालीत ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होते. त्यामुळे आमचा डॅशबोर्ड बराच काळ पिवळा, म्हणजे ‘अपूर्ण’, असतो. वरून विचारणा होते. मी तो पिवळाच राहू देते.

ही रचना खर्चिक आहे का? पूर्वीच्या वर्गाइतकीच, थोडी कमी. मोठी बचत दाखवता येत नाही, म्हणून ती कुणाच्या सादरीकरणात येत नाही.

आपल्याला एक विनंती. या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा प्लॅटफॉर्म विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या साहेबांसोबत तो कोर्स केलेल्या एखाद्या ऑपरेटरलाही बोलतं करा. कोर्स कधी बघितला, कुठे बसून बघितला, तो वेळ पगारात धरला होता का, आणि नंतर यंत्रापाशी कोण आलं होतं, एवढंच विचारा.

मी नोकरीत आहे, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक प्रशिक्षण अधिकारी